बाजार ते बाजार

बीपीची गोळी एकदा सुरू केली की तिची सवय लागते, हे माझ्या बाबांच्या डोक्यात टपरीवर बसणाऱ्या तुमच्यापैकीच कोणीतरी भरलं. कोणी, ते मी विचारत नाही. पण ज्याने सांगितलं त्याने जेवणाचीही सवय लागते, हेसुद्धा सांगून टाकायचं होतं!

आमच्या रिठद गावात द्वारकामावशींच्या चहाच्या टपरीवर असे सल्ले फुकट मिळतात आणि पुढे त्यांचे किस्से होतात. माझ्याकडे ते इतके साठलेत की हसावं की भांडावं ते कळत नाही. बहुतेक वेळा मी भांडते.

*

सुरुवात हसण्यासारखी नव्हती. सोयाबीनच्या हंगामात एका सकाळी बाबांचं तोंड वाकडं झालं आणि डाव्या हातातून कप गळून पडला. वाशिमला पोचेपर्यंत चेहरा सरळ झाला होता. डावी बोटं तेवढी मंदावली, ती आजही तशीच आहेत.

डॉक्टर म्हणाले, "हा लहान झटका होता. पुढचा लहानच असेल असं नाही." मग गोळी रोज, मीठ कमी, तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद, चालणं सुरू, असं सगळं त्यांनी समजावलं.

गावात उतरल्यावर बाबांनी टपरीवर सांगितलं, "लहान होता म्हने." बाकीचं बहुधा एसटीतच राहिलं.

*

मी ठरवलं, दर रविवारी सकाळी बसायचं आणि आठवडाभराचं प्लॅनिंग करायचं. गोळ्या किती उरल्या, फिरायला कोणासोबत जायचं, उपकेंद्रात बीपी कधी मोजायचा, सगळं. पहिल्या रविवारी बाबा शेतात होते. दुसऱ्या रविवारीही शेतातच. तिसऱ्या वेळी मी चिडले, तेव्हा बाबांचे जिवलग मित्र पंजाबरावकाका मला समजावायला आले.

"पोरी, रविवार नोकरीवाल्याइचा असते. आपला हप्ता बजारापासून सुरू होते."

खरंच होतं. मजुरी, किराणा, भाजी, पाहुण्यांकडे जाणं, आमच्याकडे सगळं बाजार ते बाजार चालतं. चार वर्षं वाशिमच्या कॉलेजात काढली आणि एवढी गोष्ट मी विसरून गेले होते. मग आठवडी बाजाराच्या संध्याकाळी, पिशव्या घरी नेण्याआधी, मावशींच्या बाकावर बसायचं ठरलं.

*

मी वाशिमहून गोळ्यांची सात खणांची डबी आणली. दर बाजारी बाकावर बसून ती पुढच्या हप्त्यासाठी भरायची. पंजाबरावकाकांना ती फार आवडली, म्हणून त्यांच्यासाठीही एक आणली. त्यांनाही बीपी आहेच.

पुढच्या बाजारी त्यांनी डबी अभिमानाने उघडून दाखवली. सातही खणांत सुपारी आणि तंबाखू, रोजचा वाटा वेगवेगळा.

"मीबी प्लॅनिंगच करून राह्यलो न," ते म्हणाले.

*

बाबा रोज संध्याकाळी चालायला जाऊ लागले. आई खूश, मी खूश. मग कळलं की ते चालत टपरीपर्यंत जातात, मिरचीभजी खातात आणि चालत परत येतात.

आईने भांडण केलं नाही. पुढच्या बाजारी ती स्वतः बाकावर येऊन बसली आणि मावशींना म्हणाली, या हप्त्यात यांना भजी दिली तर रात्रीचं जेवणही तुम्हीच द्यायचं. भजी बंद झाली.

*

हळूहळू सगळ्याची घडी बसायला लागली. मी निर्धास्त होऊन वाशिमला परीक्षेच्या अभ्यासाला गेले. मधे मतदान आलं, त्या दिवशी बाजार बंद राहिला. नंतर घरी आले तर डबी रिकामी, आणि गोळ्यांची अख्खी पाकिटं फळीवर तशीच पडलेली.

मी ओरडले. बाबांना माझं ओरडणंच समजेना.

"बजारच भरला नाही, तं हप्ता कसा बदलंन?"

उपकेंद्रातल्या सिस्टरने बीपी मोजला, मग दुसऱ्या हाताला पट्टा बांधून पुन्हा मोजला. थेट वाशिमच्या डॉक्टरांना फोन लावला. त्या दिवशी घरी परतताना पंजाबरावकाका आमच्यासोबत होते. बीपीचा आकडा त्यांनी मला वाटेत दोनदा विचारला.

*

त्यानंतर काही महिन्यांनी कसल्याशा बंदमुळे बाजार पुन्हा बुडाला. मला वाशिमला कळलं. बाबा फोन उचलेनात. मी मिळेल त्या गाडीने निघाले. रस्ताभर डोळ्यांसमोर तो गळून पडलेला कप.

बाजाराची जागा मोकळी होती, दोन कुत्री तेवढी झोपलेली. आणि मधोमध पंजाबरावकाका पोतं अंथरून बसले होते. पुढ्यात त्यांच्या शेतातली वांगी. समोर बाबा, हातात पिशवी, एकेक वांगं उलटून पाहत होते.

"किडके हायेत," बाबा म्हणाले.

"मंग दुसऱ्या दुकानात पाह्य," काका म्हणाले.

बाबांनी मोकळ्या मैदानावर नजर फिरवली आणि वांगी पिशवीत भरली. मग दोघं बाकावर आले. काकांनी त्यांची डबी काढली. तिच्यात आता गोळ्याच होत्या. बाबांनीही आपली डबी उघडली आणि पाकिटातून गोळ्या काढायला लागले. डाव्या बोटांना गोळी धरवेना, दोनदा खाली पडली. मी पुढे झाले आणि डबी घ्यायला हात लांबवला.

द्वारकामावशी चहा गाळता गाळता म्हणाल्या, "राहू दे बाई, भरू दे त्याइले. बजार उठाले अजून टाइम हाये."