बुडालेल्या शेतावरची बोट

आर्डिथ योहो यांनी बावीस वर्षे ओहायो नदीवर स्वयंपाक केला. कोळशाचे बार्ज, म्हणजे सपाट मालतराफे, ढकलणाऱ्या बोटींवर नऊ माणसांना रोज चारदा जेवू घालण्याचे ते काम. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्यासाठी जिल्हा अभिलेखागारातर्फे मी त्यांच्याकडे जात असे. त्यांनी सांगितलेली प्रत्येक तारीख मी पडताळली आहे. त्या दोनदाच चुकल्या, आणि दोन्ही वेळा एकेका वर्षानेच.

खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर रायफलचा दणका सोसेना, म्हणून ऑक्टोबरात त्यांनी हरणाच्या शिकारीची आपली रायफल बर्ल निस्ली याला विकली. बर्ल पूर्वी त्यांच्याच बोटीवर खलाशी होता. आमच्या ओहायो राज्यात दोन रहिवाशांनी समोरासमोर असा व्यवहार केला, तर दुकानदार मध्ये लागत नाही आणि कागदही सक्तीचा नाही. तरीही बाईंनी त्याचे ड्रायव्हिंग लायसन्स पाहिले, बंदूक बाळगायला मनाई नाही ना हे तोंडावर विचारले, लायसन्सचा आणि रायफलचा क्रमांक एका कागदावर लिहिला आणि त्यावर दोघांनी सह्या केल्या.

तीन आठवड्यांनी तोच कागद घेऊन त्या अभिलेखागारात आल्या. चेहरा उतरला होता.

“पोरी, हा कागद तुझ्या त्या राखाडी पेट्यांत टाकला, तर शंभर वर्षं कोणी त्या उघडत नाही ना?”

“उघडतात, मिस आर्डिथ. मीच उघडते.”

“मग काय कामाच्या!”

हळूहळू उलगडा झाला. चर्चमधल्या जेवणात गावचा न्हावी थट्टेने म्हणाला होता, “बर्ल आता वेस्ट व्हर्जिनियाचा झाला. नदीत राहतो ना!” बर्लचे घर म्हणजे आमच्या काठाला बांधलेली हाउसबोट, आणि नदी पलीकडच्या राज्याची, म्हणजे वेस्ट व्हर्जिनियाची, हे इथे सर्वांना ठाऊक असते. घेणारा दुसऱ्या राज्याचा रहिवासी असेल, तर खासगी विक्री चालत नाही. व्यवहार परवानाधारक दुकानातूनच करावा लागतो.

“पण लायसन्सवर ओहायोचा पत्ता आहे,” मी म्हणाले.

“तो त्याच्या बहिणीचा. तो बोटीवर राहतो हे मला विकतानाच माहीत होतं. आता कोर्टात काय सांगू, नदी कुणाची ते विसरले? बावीस वर्षं तिच्यावर काढून?” त्यांनी खुर्ची ओढली. “या वयात तुरुंगात दोनशे जणांचा रस्सा ढवळायला लावतील मला.”

घेणारा परराज्याचा आहे असे मानायला विकणाऱ्याला कारण होते का, हाच कायद्याचा प्रश्न असल्याने त्यांची भीती मला पोकळ वाटली नाही. पण “नदी त्यांची” हे वाक्यही मी कधी तपासलेले नव्हते. तपासल्यावर दिसले की सीमा आजच्या काठावर नाही. नदी उतरलेली असताना आमच्या बाजूला पाणी जिथे थांबत असे, ती जुनी रेघ म्हणजे सीमा. पुढे धरणे झाली, पाणी चढले आणि रेघ खाली बुडाली.

धरणापूर्वीच्या मोजणीचा एक नकाशा मिळाला, पण तो नक्कल केलेला होता. म्हणून मूळ नकाशाही शोधून काढला. दोन्ही जुळले. बर्लची बोट बांधली आहे तिथे पूर्वी हॅपगुड नावाच्या माणसाचे मक्याचे शेत होते, आणि जुनी रेघ आजच्या काठापासून एकशे साठ फूट आत, पाण्याखाली होती.

शनिवारी आम्ही मोजपट्टी घेऊन गेलो. बर्ल गरम कॉफीचा मग घेऊन दारात उभा राहिला.

“काय गं कुकी,” बोटीवरच्या स्वयंपाकिणीच्या जुन्या नावाने त्याने हाक मारली, “माझ्या घरावर कर बसवायला आलीस?”

“ते टोक धर आणि तोंड बंद ठेव.”

“बंदूक परत हवी असेल तर सरळ सांग ना.”

“बर्ल, मी तुझ्यापायी तुरुंगात जायला निघालेय. नीट धर!”

त्याचे हसू मावळले. त्याने पट्टी ताणून धरली. बोटीची बाहेरची कड काठापासून एक्केचाळीस फुटांवर भरली. मी पुन्हा मोजायला लावले. एक्केचाळीसच, म्हणजे जुन्या रेघेच्या बरीच अलीकडे.

“म्हणजे मी मक्यात राहतो?” बर्ल म्हणाला. बाईंनी मोजपट्टी गुंडाळली आणि वकिलाकडे जायचे ठरवले. नकाशा वाचणे वेगळे आणि कायदा वाचणे वेगळे, हे मीच त्यांना बजावले होते.

सोमवारी गावातल्या वकिलांनी दोन्ही नकाशे, आमची मोजणी आणि सह्यांचा कागद सावकाश पाहिला. बर्ल किती वर्षे तिथे आहे, डाक कुठे येते, मत कुठे देतो, तेही विचारले. सगळी उत्तरे ओहायोची होती.

“पाण्याखाली असलं तरी ओहायोच,” ते म्हणाले. “तुम्ही काही गैर केलेलं नाही, मिस योहो. पुन्हा शंका आली, तर विकण्याआधी या. आता घरी जा.”

बाई घरी गेल्या नाहीत. चौकातल्या खानावळीत त्यांनी दोन पोर्क चॉप, बटाटे आणि ॲपल पाय मागवला, सगळे संपवले, मग सरळ आत जाऊन आचाऱ्याला ऐकवले, “ग्रेव्हीत गुठळ्या आहेत. चमचा इकडे दे.”