लोसामावशीचा रविवार

सामोआ बेटावरून दूरच्या थंड देशात आलेली लोसा विद्यापीठातल्या जुन्या दगडी छात्रभवनात स्वयंपाकीण होती. उंच लाकडी छताच्या त्या दालनात आठवडाभर मुलं जेवत, वाद घालत, प्रेमात पडत. रविवारी मात्र दाराला कुलूप असे.

एका रविवारी चर्चमधून परतताना लोसाला तिच्याच बेटावरचा विद्यार्थी तावीता पायऱ्यांवर दिसला. गारठ्यात कुडकुडत कोरडा पाव चावत होता.

"खोलीत का नाही बसलास रे?"

"खोलीत कोणी बोलायला नाही, मावशी. इथं निदान माणसं जाता-येता दिसतात."

सोमवारी तिनं व्यवस्थापक हॅडोकडे रविवारसाठी दालनाची किल्ली मागितली.

"रविवारी बंद. पहिल्यापासूनचा नियम आहे," हॅडो म्हणाला.

"नियम करणारे कबरीत गेले, मिस्टर हॅडो. पोरं जिवंत आहेत."

किल्ली काही मिळाली नाही. पुढच्या रविवारी लोसा भलंमोठं पातेलं घेऊन पायऱ्यांवरच बसली. बेटावर हे अळूच्या पानांचं करतात; ती त्या थंड मुलखात कुठली मिळायला? तिनं पालक नारळाच्या दुधात शिजवला होता. तावीतानं पहिला घास घेतला आणि मान खाली घालून ताटली चाटूनपुसून संपवली. हळूहळू फिजीची, मलेशियाची मुलं जमू लागली. तिथल्याच मेंढपाळांची लाजरी गोरी पोरंही आली. कोणी गाणं धरलं की बाकीचे सूर मिळवत.

मग एका रविवारी गारांनी झोडपलं. मुलं पातेल्यावर कोट धरून उभी राहिली, पण जागचं कोणी हललं नाही. समोरच्या घरातून हॅडो हे पाहत होता. बायको गेल्यापासून तो एकटाच जेवायचा. छत्री न घेताच तो आला आणि त्यानं दार उघडलं.

"फरशी घाण झालेली चालणार नाही," तो गुरगुरला.

"पुसू की. आधी बसा, निवतंय."

तो बसला आणि दोनदा मागून जेवला.

त्यानंतर रविवारचं कुलूप कायमचं गेलं. लोसा निवृत्त झाली तेव्हा मुलांना दालनाला तिचं नाव द्यायचं होतं. "नाव नको, मोठी शेगडी द्या," ती म्हणाली. शेगडी आली. आता मुलंच रांधतात. लोसा काठी टेकत येते, खिडकीपाशी बसते, चव घेते आणि रांधणाऱ्याला सगळ्यांदेखत विचारते, "मीठ काय पुढच्या रविवारी घालणार?"