खोबरेल लावलेली बीएमएक्स

मामा बोटीवर असतो. गेल्या दिवाळीत त्याने एकच बीएमएक्स सायकल आणली आणि भाचे दोन, मी आणि चिपळूणचा मावसभाऊ. मामा म्हणाला, "जो जास्त जोरात पळवील त्याची."

झालं, माझी झोपच गेली. सड्यावरच्या मोकळ्या कातळावर पाण्याच्या टाकीपासून दगडी गडग्यापर्यंत एकेकाने पळवायची, दुसऱ्याने मोबाईलवर वेळ लावायची, असं ठरलं. मी आठवडाभर व्हिडिओ बघत बसले. चाकं लहान, गिअर एकच, म्हणजे एका वेगानंतर पाय नुसते गरगर फिरणार, वेग काय वाढत नाही. मग वाढवायचं काय? हवा टाईट भरली. सीट खाली केली, वाकून बसलं की वारा कमी लागतो. नऊनंतर खाडीकडनं वारा सुटतो आणि तो समोरून येतो, म्हणून मी आधीच सांगून टाकलं, सकाळी सातला पहिली मी.

आणि आदल्या दिवशी चेनला, मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलमध्ये, म्हणजे पेडल मारलं की चाकाला पकडतं त्या दातेरी चक्रात, घरचं खोबरेल ओतलं. भरपूर. डोक्याला लावतो, विळ्याला लावतो, मग सायकलला का नाही?

सकाळी मरणाची थंडी. मावसभाऊ मोबाईल धरून उभा. "चल गं, कुडकुडतोय मी इथे."

मी जोरात पेडल मारलं आणि पेडल नुसतंच फिरलं. चाक जागच्या जागी. दोनदा, तीनदा. मग कुठे पकडलं. गडग्यापर्यंत नेली, पण तोवर वेळ फुकट गेला होता.

"सुरुवातीलाच झोपलीस की," तो हसला. "थांब, मी घावणे खाऊन येतो."

सायकल उन्हात गडग्याला टेकवून मी बसून राहिले. नऊला तो आला, बसला आणि सुसाट गेला. समोरून वारा असूनसुद्धा.

घरी बाटली बघितली तेव्हा कळलं. खोबरेल थिजून पांढरं झालेलं. फ्रीव्हीलमध्येही तेच होऊन चाकाला पकडणारे आतले खटके चिकटले असणार, आणि त्याची पाळी येईपर्यंत उन्हाने वितळलं. पण सांगणार कुणाला? म्हणतील, हरली म्हणून कारणं देतेय. मी गप्प बसले. सायकल चिपळूणला गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन. "अगं, पेडल मोकळंच फिरतंय. काय केलंयस तू हिला?"

खोटं बोलावंसं वाटलं, खरंच.

"खोबरेल घातलंय आत. आंघोळीचं गरम पाणी ओत, सुटेल."

"म्हणजे त्या दिवशी पण?"

"हो."

"मग तेव्हा तोंडात काय घावणे होते? रविवारी घेऊन येतो. परत शर्यत लावू. आणि बाटली लपवून ठेव."

आज शनिवार. सायकलवाल्याकडचं मशीनचं तेल आणून ठेवलंय, वारा सकाळपासून बघतेय. जेवण जात नाहीये. उद्या हरले तर खोबरेलामुळे नाही, मीच हरलेली असणार.