‘होते’ आणि ‘सापडते’

विमल साळवे यांची आणि माझी ओळख एका वाक्यावरून झाली. ठाण्याच्या आमच्या महाविद्यालयात मी मराठी शिकवायला नुकताच लागलो होतो आणि वार्षिक अंकाचे काम माझ्या गळ्यात पडले होते. बाई प्राणिशास्त्र शिकवत. आपल्या संशोधनावर मराठीत लिहिलेली दोन पाने घेऊन त्या आल्या आणि म्हणाल्या, “शुद्धलेखन तेवढं बघा. बाकीचं मी बघितलंय.” त्यातले मुख्य वाक्य असे होते : मधुमेह असलेल्या मादी उंदरांत स्तनाची गाठ लवकर होते.

मी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. वाक्यात दुसरी काही चूक नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर बाई पुन्हा आल्या. बसल्या नाहीत.

“‘होते’ खोडा. ‘सापडते’ करा.”

“अर्थ बदलेल, मॅडम.”

“बदललाच आहे.”

सुट्टीत काय झाले होते ते त्यांनी नंतर सांगितले. महाविद्यालयाच्या मागच्या बाजूला तेव्हा एक लहानसे प्राणिगृह होते. तिथे बाईंनी उंदरांच्या माद्यांचे दोन गट ठेवले होते. एका गटाची रक्तातली साखर वाढलेली, दुसरा गट निरोगी. पहिल्या गटातल्या उंदरांत साखरेबरोबर इन्सुलिनही वाढलेले असते. ते स्तनातल्या गाठीला खतपाणी घालते का, हा त्यांचा प्रश्न होता. दोन बोटांनी मादीचे अंग चाचपायचे, गाठ लागली की नोंद करायची. पिंजरा बदलताना प्रत्येक मादी चाचपायची, हा नियम बाईंनीच घालून दिला होता. नियम सोयीचा होता. साखरेच्या गटात गाठी आधी मिळत गेल्या. शोधनिबंध लिहून झाला, एका नियतकालिकाने तो स्वीकारलाही.

दिवाळीत प्राणिगृहातली माणसे गावी गेली आणि पिंजरे बदलायचे काम बाईंवर आले. साखर वाढलेला उंदीर सारखे पाणी पितो आणि सारखी लघवी करतो. त्याच्या पिंजऱ्यातला भुसा रोज ओला होतो, पिंजरा रोज बदलावा लागतो. निरोगी उंदरांचा पिंजरा आठवड्यातून दोनदा बदलला तरी चालतो. म्हणजे एका गटातल्या माद्या रोज चाचपल्या जात होत्या, दुसऱ्या गटातल्या अधूनमधून. रोज चाचपले त्यांची गाठ आधी सापडणारच. ती आधी झाली होती की नाही, हे त्या प्रयोगातून कळण्यासारखे नव्हते.

बाईंनी निबंध मागे घेतला. त्यांचे पीएच.डी.चे मार्गदर्शक चिडले. त्या दिवशी मी स्टाफरूममध्येच होतो.

“अहो बाई, शेवटी निष्कर्ष हाच निघणार आहे. छापून येऊ द्या.”

“निघेलही, सर. पण आज मला माहीत नाही.”

“शंका फक्त तुम्हाला आहे. दुसऱ्या कोणाला नाही.”

“दुसऱ्या कोणी पिंजरे बदलले नाहीत ना.”

सगळ्या माद्या रोज चाचपून प्रयोग पुन्हा करायचा, असे त्यांनी ठरवले. नवे गट तयार होण्याआधीच प्राणिगृह बंद झाले. त्या जागी संगणक कक्ष आला. कोणी हरकत घेतल्याचे मला आठवत नाही. बाईंची पीएच.डी. तिथेच थांबली. बाईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवसमारंभाच्या पत्रिकेवर समितीने सद्भावनेने ‘डॉ.’ छापले होते. बाईंनी फोन करून ते काढायला लावले. “लोक दुखणी सांगायला येतील,” म्हणाल्या.

त्यांच्या मनातली सल मात्र पीएच.डी.ची नाही. बाई कल्याणजवळच्या मोहन्याच्या. वडील तिथल्या कारखान्यात होते, भाऊही. भावाच्या पत्नी, म्हणजे बाईंच्या वहिनी, मधुमेहाच्या रुग्ण होत्या. दर महिन्याला कल्याणला जाऊन साखर तपासून येत. औषध कधी चुकले नाही. त्यांच्या छातीतली गाठ कळली तेव्हा ती काखेपर्यंत पोचलेली होती. वर्षभरात त्या गेल्या. भेटायला गेलो तेव्हा बाई एवढेच म्हणाल्या, “उंदरांना आम्ही रोज चाचपत होतो. वहिनी महिन्याच्या महिन्याला डॉक्टरसमोर बसायची. बोट टोचायचे आणि घरी पाठवायचे. मीही कधी विचारलं नाही.”

त्यानंतर त्या दर रविवारी मोहन्याच्या बुद्धविहारात बसू लागल्या. साखर असलेल्या बायकांना जमवायचे आणि स्वतःची छाती कशी तपासायची ते सांगायचे. एकदा मी पत्रके पोचवायला गेलो होतो. त्यांच्या लहानपणची मैत्रीण सुमन पुढेच बसली होती.

“विमल, शुगरचा आणि छातीचा संबंध काय गं?”

“असावा असं बरेच जण म्हणतात. माझ्या प्रयोगातून मला कळलं नाही.”

“अगं, एवढे उंदीर खर्ची घातलेस आणि कळलं नाही?”

बायका हसल्या. बाईही हसल्या.

“नाही ना. पण तू शुगर बघायला जातेसच, तर हेही दाखव.”

“डॉक्टर बाप्या आहे.”

“मग बाईकडे जा. मी येते सोबत.”

आणि त्या गेल्या. अशा कितीजणींसोबत गेल्या, ते त्या कधी सांगत नाहीत.

माझ्या आईला मधुमेह निघाला तेव्हा मी ते स्टाफरूममध्ये सहज बोललो होतो. त्याच आठवड्यात बाई माजिवड्याच्या आपल्या घरून डोंबिवलीला आमच्या घरी आल्या. आईला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. दार लावले. बाई निघून गेल्यावर आई म्हणाली, “चांगल्या आहेत रे तुझ्या मॅडम. हात फार गार आहेत.” मग स्वयंपाकघरात जाता जाता म्हणाली, “आजवर कोणी एवढं विचारलं नव्हतं.”

बाईंच्या प्रश्नावर जगात नंतर पुष्कळ काम झाले. बाई ते वाचतात, बारकाव्यांसकट सांगतात. पण ज्या उंदरांवर त्यांनी आपली उमेदीची वर्षे घालवली, त्यांच्यापुरते उत्तर अजून कोणाकडे नाही. त्यांची एक विद्यार्थिनी आता एका प्रयोगशाळेत वरच्या जागेवर आहे. तो प्रयोग सगळ्यांना सारखे चाचपून पुन्हा करावा म्हणून तिने विचारून पाहिले. जुन्या प्रश्नाला जागा मिळत नाही, असे तिला कळवण्यात आले. ती पुन्हा विचारणार आहे.

परवा मी बाईंना विचारले, “उत्तर काय यावं असं वाटतं?”

“काहीही येऊ दे,” त्या म्हणाल्या. “‘नाही’ आलं तरी चालेल. यायला हवं.”

बाईंनी पंचाहत्तरी पूर्ण केली आहे. गुडघे कुरकुरतात, नजर चांगली आहे, स्वतःची साखर त्या वेळच्या वेळी तपासतात. त्यांचे उत्तर आज ना उद्या कोणीतरी काढील आणि ते आधी त्यांना सांगावे लागेल. त्याला उशीर झाला आहे, आणि तो त्यांच्यामुळे झालेला नाही. म्हणून त्यांना निरोगी वर्षे भरपूर मिळोत. आमचा उशीर भरून निघेल एवढी.