पान दोनशे बाराच्या पुढं

आमच्या पुस्तकांच्या ग्रुपचं सॉफ्टवेअर मी लिहिलंय, हे मी आपण होऊन कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक ते उघडून बघतात आणि मग माझ्याकडे बघतात.

त्याचं असं झालं. मी शिरोलीतल्या एका कारखान्यात सुट्या भागांचं कोठार सांभाळते. कुठलं बेअरिंग कुठल्या खणात आहे, ते कुणी नेलं आणि परत आलं का, याची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम मीच पूर्वी लिहिला होता. पुढे कोल्हापुरातल्या आणि आसपासच्या पन्नास-साठ वाचणाऱ्या माणसांचा एक ग्रुप जमला. प्रत्येकानं आपल्या घरातली पुस्तकं दुसऱ्यांना वाचायला द्यायची, एवढंच त्या ग्रुपचं काम. पण दोन महिन्यांत अशी वेळ आली की कुठलं पुस्तक कुणाच्या घरी आहे हे कुणालाच सांगता येईना. मग एका रविवारी मी माझा तोच प्रोग्रॅम घरी बसून पुन्हा लिहून काढला आणि बेअरिंगच्या जागी पुस्तक घातलं.

घाईत काही शब्द बदलायचे राहिले. त्यामुळे एखाद्यानं पुस्तक पुढे पाठवलं की सगळ्यांच्या फोनवर 'माल गेला' असं यायचं. पुस्तकाची अवस्था निवडायला 'नवा', 'वापरलेला' आणि 'गंजलेला' असे तीनच पर्याय होते. वर्षभरानं मला लाज वाटून मी ते सगळं नीट केलं, तर लोकांनी माझ्याशी भांडून 'माल गेला' परत आणायला लावलं. 'गंजलेला'सुद्धा. चांगलं काम केल्यावर इतक्या शिव्या मी आयुष्यात खाल्ल्या नव्हत्या.

ग्रुपचा नियम एकच होता, की मुदत नाही. वाचून झालं की द्यायचं. पुस्तक गावोगाव जायचं ते कुणाच्या तरी पिशवीतून, एसटीनं येणाऱ्या-जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हातून. बहुतेक वेळा ते मधे माझ्या घरी उतरायचं, कारण माझं घर स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर आहे.

मुदत नसल्याचा त्रास सगळ्यात जास्त झाला तो पेठ वडगावच्या एका कापड दुकानदारांना. मोठा आवाज, मोठी मिशी, आणि वाचनाचं वेड असं की गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी पान पुरं केल्याशिवाय मान वर करायचे नाहीत. दोन बहिणींच्या ताटातुटीची एक जाडजूड जुनी कादंबरी आमच्याकडे होती. कव्हर गेलेली, दुकानात कुठे न मिळणारी. तिच्यासाठी त्यांचा नंबर लागलेला होता आणि कादंबरी चंदगडकडच्या एका बाईंकडे अडकली होती.

"चार म्हैनं झालं, म्याडम," ते दर आठवड्याला फोन करून सांगायचे. "त्या बाई पुस्तक वाचत्यात का पाठ करत्यात?"

शेवटी मी कंटाळून आठवण पाठवायची सोय करायला बसले. एक महिना उलटला की वाचकाला आपोआप एक संदेश जाईल, एवढंच करायचं होतं. मजकूर नंतर सावकाश, सभ्य भाषेत लिहू म्हणून मी तात्पुरतं मनाला येईल ते टाकलं. 'काय पावणं, पुस्तक वाचताय का उशाला घिऊन झोपताय?' आणि चालतंय का बघायला बटण दाबलं.

कारखान्यात नवीन काही करताना मी आधी वेगळ्या कॉम्प्युटरवर चाचणी घेते. घरच्या प्रोग्रॅमला कुठली आलीय वेगळी जागा! जे होतं ते एकच होतं आणि ते चालू होतं. ज्यांच्याकडे महिन्याहून जास्त दिवस पुस्तक होतं, त्या सगळ्यांना तो संदेश गेला.

मी कपाळावर हात मारून घेतला. पण लोक खूश झाले. उचगावचे एक लेथ चालवणारे सभासद आहेत, त्यांनी लगेच लिहिलं, "उशालाच घेतोय. जरा जाड पाठवा की, मान दुखाय लागलीया." दिवसभर तोच दंगा चालला. मी माफी मागितली तीही कुणी वाचली नाही. चंदगडच्या बाईंकडून मात्र काहीच आलं नाही, आणि मला ते त्या गोंधळात लक्षातही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी कादंबरी माझ्या घरी आली. सोबत ओल्या काजूगरांची एक पिशवी. योगायोगानं वडगावचे दुकानदार त्याच दिवशी कोल्हापुरात आले होते. ते येऊन हसत हसत पुस्तक घेऊन गेले, आणि जाताना माझ्या प्रोग्रॅमचं तोंडभरून कौतुक करून गेले. मीही फुगले. संध्याकाळी उसळ करायला काजूगराची पिशवी उघडली, तेव्हा आत चिठ्ठी सापडली. 'उशीर झाल्याबद्दल माफी असावी. पान दोनशे बाराच्या पुढं राहिलंय, पण चालेल.'

काजू तसेच ठेवून मी फोन लावला. इतक्या दिवसांत आम्ही एकमेकींशी कधी बोललो नव्हतो. त्या आपल्या गावात नवऱ्याबरोबर पिठाची गिरणी चालवतात, हे मला तेव्हाच कळलं.

"चुकलंच ओ आमचं, ताई," त्या म्हणाल्या. "आमच्या अव्वा पडल्यात. खुब्याचं हाड मोडलंय. पाच म्हैनं आंथरुणावरच हाईत." अव्वा म्हणजे त्यांच्या सासूबाई. "दुपारी गिरण बंद असती तवा मी वाचून दावते. त्यास्नी वाचाय येत न्हाय. दोन पानं झाली की म्हणत्यात, थांब, मागलं परत वाच."

"अहो, मग ग्रुपवर सांगायचं की!"

"काय सांगायचं? तितं सगळी शिकलेली मानसं." मग म्हणाल्या, "पुस्तक अव्वांच्या उशाखालीच असायचं, ताई. पोरं फाडतील म्हणून. तुमचा मेसेज मी वाचून दावला तर त्यांचं तोंडच उतरलं. म्हणाल्या, बघ, कुणीतरी जाऊन सांगितलं. लोकाची वस्तू हाय, आजच्या आज देऊन टाक."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बापडीनं गमतीत लिहिलेलं एक वाक्य, ते नेमकं त्या म्हाताऱ्या बाईच्या उशाशी जाऊन बसलं होतं. पान दोनशे बारावर थोरली बहीण एका घराच्या दारात उभी आहे, कडी वाजवायला तिनं हात उचललाय आणि आतून कुणाची तरी पावलं ऐकू येतायत. मी ती कादंबरी वाचलेली होती. घाईघाईनं म्हटलं, "मी सांगते की पुढं काय होतं ते."

पलीकडे कुजबूज झाली. "नको म्हणत्यात. तसं आयकण्यात काय मजा न्हाय."

मी वडगावला फोन लावला आणि पुस्तक परत मागितलं. दुकानदार उखडलेच.

"द्यायचं न्हाय. चार म्हैनं थांबलोय मी. आत्ता कुठं चाळीस पानं झाल्यात."

मी सगळं सांगितलं. माझा संदेश, उशी, मोडलेला खुबा, दारात उभी राहिलेली थोरली. मागे कुणीतरी परकर दाखवा म्हणत होतं.

"पुस्तक द्यायचं न्हाय," ते शेवटी म्हणाले. "पर मी वाचून धाडलं तर चालंल का? दोनशे बारापास्नं? माझी मजा जाती, पर जाऊ दे तिकडं."

आता काम माझ्याकडे आलं. सुट्या भागाच्या नोंदीला त्याचा फोटो जोडायची सोय माझ्या प्रोग्रॅममध्ये मुळातच होती. त्याच जागी फोटोऐवजी आवाज जोडता येईल असं मी पुढच्या रविवारी करून टाकलं. चंदगडच्या बाईंच्या घरी फोन लागतो, पण नेट फक्त शाळेच्या वळणावर येतं, म्हणून तिथे उतरवून घेतलेला आवाज घरी नेट नसतानाही ऐकता यावा, हीही सोय केली. दुकानदारांनी पहिला तुकडा वाचून पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळीच चंदगडहून फोन.

"ताई, अव्वा रुसल्यात. म्हणत्यात, ह्यो बाबा दारच उघडाय देईना."

फोटो फार मोठे होऊ नयेत म्हणून मी पूर्वी एक मर्यादा घातली होती. ती काढायची राहिली आणि थोरलीनं कडीला हात लावला तिथेच आवाज तुटला होता. कारखान्यात न जाता मी आधी ती मर्यादा काढली. त्या दिवशी कामावर पोचायला अर्धा तास उशीर झाला आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

मग गंमत सुरू झाली. दुकानदारांनी मधली पावणेदोनशे पानं वाचलेलीच नव्हती. ते वाचता वाचता मधेच थांबून विचारायचे, "आता ह्यो मामा कुठनं उपटला?" आणि संध्याकाळपर्यंत त्याच नोंदीखाली अव्वांचा आवाज येऊन बसायचा. "पावणं, मामा न्हवं त्यो. मामा म्हणवून घेतोय. थांबा, मी पैल्यापास्नं सांगते." असं करत पुस्तकाचा पुढचा भाग वडगावहून चंदगडला जाऊ लागला आणि मागचा भाग चंदगडहून वडगावला. अव्वांच्या सांगण्यात पुस्तकात नसलेली एक म्हैसही होती. दुकानदारांनी मला एकट्यात विचारलं, त्या म्हशीचं पुढं काय झालं म्हणून. मी सांगितलं की मला आठवत नाही.

ती नोंद सगळ्यांना दिसायची, त्यामुळे सगळे ऐकायला लागले. उचगावचे लेथवाले जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता ऐकायचे, आणि एकदा त्यांनी नुसतं एवढंच लिहिलं की, "आमच्या वडलास्नीबी मोतीबिंदू हाय. मीबी वाचूनच दावतोय. म्हणून उशीर." त्यावर कुणी चेष्टा केली नाही. त्यानंतर मी वाचकाच्या नावापुढे 'ऐकणारे' असा एक रकाना केला आणि अव्वांचं नाव त्यात पहिलं घातलं. आठवण पाठवायची सोय मी मुळापासून उपटून टाकली. इतके तास घालून लिहिलेलं काही पुसताना मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

सात-आठ आठवडे असे गेले. शेवटचं प्रकरण राहिलं, आणि दुकानदारांचा आवाज येईना. दोन दिवस झाले, चार झाले. चंदगडहून विचारणा आली. मी फोन केला.

"तुमी वाचा, म्याडम," ते म्हणाले. मोठा आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक. "मी काल वाचून बघितलं. आमची येक भन हुती. मला न्हाय जमायचं त्ये."

क्षणभर मला वाटलं, घ्यावं पुस्तक आणि वाचावं आपण. मग म्हटलं, "त्यांना तुमच्याच आवाजाची सवय झालीय. माझ्या तोंडून त्यांना ती थोरली थोरली वाटायची नाही."

त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी नोंदीखाली आवाज आला. मी कोठारात, फिल्टरच्या खोक्यांच्या मागे उभी राहून तो ऐकला. त्यांनी सगळं वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत. आवाज दोनदा फुटला. एकदा मधेच एका गिऱ्हाइकाला "बस गं बाई जरा," म्हणाले आणि पुढे वाचत राहिले. संपल्यावर नुसता पंख्याचा आवाज येत राहिला, कारण बंद करायचं त्यांना सुचलं नव्हतं.

अव्वांचं उत्तर संध्याकाळी आलं. सुरुवातीला त्यात फक्त कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज होता. कादंबरीबद्दल, त्या दोघी बहिणींबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. इतके आठवडे त्या दुकानदारांना पावणं म्हणत आल्या होत्या.

"दमलास न्हवं, लेका," त्या म्हणाल्या. "जा, पानी पी जरा."

आणि त्याखाली, दोन मिनिटांनी, वडगावहून आलेला अगदी बारीक आवाज:

"प्यालो, अव्वा."