पेनाचं पहिलं पाणी

गायकवाडकाका पेन हातात देत नसत, आधी पाण्यात टाकत. पेन न्यायला आलेल्या माणसापुढे बादली ठेवत आणि पेन आत सोडत. तरंगलं तर तुमचं. बुडालं तर म्हणत, "हा खिळा आहे. लिहू नका, भिंतीत ठोका." ही परीक्षा एकदाच व्हायची, आणि मालकासमोरच. तिचं नाव 'पहिलं पाणी'.

कारण ती पेनं होडीच्या लाकडाची होती. काकांचे वडील कालव्याच्या पाहणीच्या होडीवर नावाडी होते. पुढे साहेब लोक जीपमधून कालवा बघू लागले आणि होडी भंगारात निघाली. काकांनी तेव्हा कारखान्यातून नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती आणि एक जुनं लेथ मशीन घरी आणून ठेवलं होतं. त्यावर पेनं कातायला त्यांनी होडी टेम्पोत घातली. तिचं टोक विश्रांतवाडीच्या चौकात वळलं तेव्हा शेपूट पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, धायरीतच होतं, हे मी शपथेवर सांगतो. गच्चीवर चढवताना तर आमची अख्खी कॉलनी एका बाजूला कलली होती.

"सागवान आहे," होडीवर थाप मारून काका म्हणत. "पाणी पिऊन शहाणं झालंय. तुझ्यासारखं नाही, नुसता चहा पिणारं."

मला ते 'कॉम्प्युटर' म्हणत. मी नुकताच एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो होतो. तिथला एसी असा, की भर मे महिन्यात आम्ही कानटोपी घालून प्रोग्रॅम लिहायचो. एकदा परदेशी पाहुणा करारावर सही करायला येणार होता. मी बढाई मारली, "होडीच्या लाकडाचं पेन आणतो." आमचे साहेब खूश झाले. "जमलं तर तू पर्मनंट. फजिती झाली तर उद्यापासून घरी."

काका तयार झाले, अट एकच: पहिलं पाणी पाहुण्यासमोर. पेन त्यांनी आदल्या दिवशी माझ्याकडे दिलं. साहेबांना त्यावर कंपनीचं नाव हवं होतं. मी तांबट आळीतून नाव कोरलेलं जाडजूड पितळी कडं बसवून आणलं आणि काकांना बोललो नाही. बोललो असतो तर त्यांनी मलाच बादलीत सोडलं असतं.

दुसऱ्या दिवशी काका कडक इस्त्रीच्या सफारीत, स्वतःची बादली घेऊन आले.

"बादलीत काय आहे?" रखवालदाराने विचारलं.

"सध्या हवा," काका म्हणाले.

पाहुण्यासमोर बादली भरली. पेन सोडलं. डुबुक! सरळ तळाला. खोलीत अशी शांतता, की खालच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरला घाम फुटलेला ऐकू आला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराकडे पाहिलं.

काकांनी बाही वर सारली, पेन बाहेर काढलं, निरखलं.

"कॉम्प्युटर, हा कंबरपट्टा कुणी घातला?"

"मी, काका."

"छान दिसतोय. लग्नात घाल."

खिशातून चाकू काढून त्यांनी कडं उचकटलं.

"पण काका, परीक्षा एकदाच ना?" मी कसाबसा पुटपुटलो.

"आत्ता झाली ती कड्याची. पेनाची व्हायचीय."

पेन पुन्हा पाण्यात गेलं. एक गिरकी घेऊन डौलात तरंगू लागलं. पाहुण्याने टाळ्या वाजवल्या, ओल्या पेनानेच सही केली. मी पर्मनंट झालो. काकांनी कडं माझ्या खिशात टाकलं. "सांभाळ. पुन्हा कुठे काही चिकटवावंसं वाटलं, की खिसा चाचपायचा."

होडी वर्षानुवर्षं कमी होत गेली. शेवटी उरली एक फळी, वल्हवताना वडील बसायचे ती. तिला काका करवत लावत नसत. "ती बसायची जागा आहे," म्हणत.

काका गेल्यावर महिन्याभराने काकू माझ्या घरी आल्या. रुमालात एक पेन होतं.

"त्या फळीचं आहे. तुझ्यासाठी केलंय म्हणाले. पहिलं पाणी व्हायचंय."

मी बादली आणली. काकूंनी आत डोकावून पाहिलं. "घासत नाहीस वाटतं कधी?"

मी आधी खिसा चाचपला, मग पेन सोडलं. ते खाली गेलं, क्षणभर थांबलं, आणि वर आलं.

"हं," काकू पदर सावरत म्हणाल्या, "लिही आता."