बावीस जणींचा उपास

सेरवा शाळेत गणित शिकवते, त्यामुळे गोळ्यांच्या वेळा तिला समजावून सांगाव्या लागल्या नाहीत. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. वय एक्केचाळीस. आमच्या कुमासी शहरातल्या दवाखान्यात तिचा एकच गर्भ गोठवलेला उरलाय. तो आत सोडायचा तर या गोळ्यांनी गर्भाशयाचं अस्तर निदान सात मिलिमीटर जाड व्हायला हवं, आणि तिचं दोनदा सहाच्या पुढे सरकलं नव्हतं. दोन्ही वेळा 'घरी जा' म्हणायचं काम माझ्याच वाट्याला आलं. तेरा वर्षं नर्स आहे मी. या दोन शब्दांचा मला वीट आलाय.

या खेपेला दहाव्या दिवशी अस्तर सात भरलं. "चार दिवसांनी ये, तोवर गोळ्या चालूच ठेव," मी म्हटलं, आणि मलाच बरं वाटलं.

चार दिवसांनी ती आली ती फुटलेल्या ओठांनी. सोनोग्राफीत अस्तर पाच. रक्तही जायला लागलेलं.

"गोळ्या घेतल्यास ना?"

तिनं फुटलेल्या ओठांवरून जीभ फिरवली.

"सेरवा, मी काहीतरी विचारतेय."

"चर्चमधल्या बायकांनी माझ्यासाठी तीन दिवस निर्जळी उपास धरला होता, सिस्टर. बावीस जणी. आंटी पोकुवा सत्तरीची, तीसुद्धा."

"मग? गोळी म्हणजे काय जेवण आहे?"

"गोळीला घोटभर पाणी लागतंच की. ती म्हातारी माझ्या बाळासाठी तहानेनं चक्कर येऊन पडली. मी न्हाणीघरात दार लावून पाणी पिऊ?"

मला भयंकर राग आला होता, पण काढायचा कुणावर? डॉक्टरांनी फायलीवर 'रद्द' लिहिलं. मी तिला पिण्याच्या पाण्याची पिशवी दिली. दातांनी कोपरा फाडून तिनं ती एका दमात संपवली.

पुढची पाळी आली तशी ती पुन्हा हजर.

"बायकांना काय सांगितलंस?" मी विचारलं.

"उपचार सोडले म्हणून. मूल नकोच आता, म्हटलं."

"अगं!"

"नाहीतर सात दिवसांचा धरणार होत्या. फार रडल्या. आंटी पोकुवा बोलत नाही माझ्याशी. रविवारी मागच्या बाकावर एकटीच बसते मी."

बोलता बोलता तिनं घड्याळ पाहिलं. दोन वाजले होते. तिनं गोळी जिभेवर ठेवली आणि दवाखान्यातल्या सगळ्यांसमोर पाणी प्यायली.